एकच गोळी, दोघांवर वेगळा परिणाम का? शरीर औषध कसं हाताळतं हे सांगणारी ‘प्रोब ड्रग’ चाचणी काय असते?

औषधांबद्दल आपल्याकडे दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, ‘हे औषध मला मानवत नाही’. दुसरी, ‘हे औषध मला लागूच पडत नाही’. पुष्कळदा डॉक्टर, औषध आणि मात्रा तीच असते. तरी एकाला दोन दिवसांत गुण येतो आणि दुसऱ्याला चक्कर येऊन अंथरूण धरावं लागतं.

माणसामाणसांत फरक असतो, ही गोष्ट आयुर्वेदाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम आहे आणि तिथे आयुर्वेद महाविद्यालयही आहे. आयुर्वेद शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला सुरुवातीपासून शिकवलं जातं की रुग्णाची प्रकृती आणि अग्नी पाहिल्याशिवाय औषधाची मात्रा ठरवू नये.

आधुनिक औषधशास्त्रानेही हाच प्रश्न हाती घेतला, पण वेगळ्या वाटेने. एखादं साधं, ओळखीचं औषध अगदी थोड्या प्रमाणात द्यायचं, काही तासांनी रक्त किंवा लघवी तपासायची आणि या माणसाचं शरीर औषधाची विल्हेवाट किती वेगाने लावतं ते मोजायचं. अशा औषधाला ‘प्रोब ड्रग’ म्हणतात. मराठीत त्याला चाचणी-औषध म्हणता येईल. ही चाचणी काय सांगते, काय सांगत नाही आणि तिचा आपल्याशी काय संबंध आहे, ते समजून घेऊया.

औषध पोटात गेल्यावर काय होतं?

शरीराच्या दृष्टीने औषध हा बाहेरून आलेला पदार्थ असतो. तो बाहेर टाकण्याआधी त्यात रासायनिक बदल करावे लागतात. हे काम मुख्यतः यकृतात होतं आणि ते करतात एन्झाइम. यातला सर्वांत मोठा गट आहे ‘सायटोक्रोम पी४५०’. या गटातल्या एन्झाइमना सीवायपी२डी६, सीवायपी२सी१९, सीवायपी३ए४ अशी नावं आहेत. नावं किचकट वाटली तरी कल्पना सोपी आहे. प्रत्येक एन्झाइम म्हणजे एक कारागीर, आणि ठरावीक औषधं ठरावीक कारागिराकडेच जातात.

हा कारागीर सगळ्यांच्या शरीरात सारख्या वेगाने काम करत नाही. काहींच्यात तो जवळपास बंद असतो, बहुतेकांच्यात बरा चालतो आणि थोड्यांच्यात अतिशय वेगवान असतो. त्याचा परिणाम औषध कोणत्या प्रकारचं आहे यावर ठरतो.

पहिला प्रकार म्हणजे मुळातच प्रभावी असणारी औषधं. एन्झाइम त्यांना निष्क्रिय करतो. तो मंद असेल तर औषध रक्तात साचत जातं आणि नेहमीची मात्राही जास्त होते. ‘औषध मानवत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हे कारण असू शकतं.

दुसरा प्रकार उलटा आहे. ही औषधं गोळीत असताना निष्क्रिय असतात आणि एन्झाइमने बदल केल्यावरच काम सुरू करतात. इथे एन्झाइम मंद असेल तर गोळी वेळेवर घेऊनही उपयोग होत नाही, म्हणजे औषध ‘लागू पडत नाही’. एन्झाइम फार वेगवान असेल तर उलट धोका.

दुसऱ्या प्रकारातली दोन उदाहरणं महत्त्वाची आहेत. हृदयविकारात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं क्लोपिडोग्रेल सीवायपी२सी१९ मुळे सक्रिय होतं. हा एन्झाइम अतिशय मंद असलेल्यांना औषधाचा पुरेसा फायदा मिळत नाही, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मार्च २०१० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावला. वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांत वापरलं जाणारं कोडीन सीवायपी२डी६ मुळे शरीरात मॉर्फिनमध्ये बदलतं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेल्या काही मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाला आणि त्यातल्या काहींमध्ये हा एन्झाइम अतिवेगवान असल्याचं आढळलं. त्यानंतर २०१३ मध्ये अमेरिकेत अशा मुलांना कोडीन न देण्याचा आदेश निघाला.

ही कल्पना सुचली कशी?

१९७० च्या दशकात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ आणि त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन नावाच्या रक्तदाबाच्या औषधाचा अभ्यास करत होते. प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच ते औषध घेतलं. सहकाऱ्यांना विशेष काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका उतरला की त्यांना उभं राहणं कठीण झालं.

लघवी तपासल्यावर कारण कळलं. सहकाऱ्यांच्या शरीराने औषधाचा बराच भाग बदलून टाकला होता, तर स्मिथ यांच्या शरीरातून ते जवळपास जसंच्या तसं बाहेर पडत होतं. त्याच सुमारास जर्मनीत मिशेल आयखेलबाउम यांना स्पार्टीन या दुसऱ्या औषधाबाबत असाच फरक दिसला. पुढे कळलं की दोन्ही औषधांमागचा कारागीर एकच, सीवायपी२डी६.

यातून एक उपयोगी गोष्ट लक्षात आली. एखादा माणूस एका औषधाला कसा हाताळतो हे मोजलं, तर त्याच एन्झाइमकडे जाणाऱ्या इतर अनेक औषधांबाबतही अंदाज बांधता येतो. डेब्रिसोक्विन हे नुसतं औषध न राहता मोजमापाचं साधन झालं.

चांगलं चाचणी-औषध कोणतं?

त्यासाठी काही अटी आहेत. ते औषध मुख्यतः एकाच एन्झाइमकडे जायला हवं. थोड्या मात्रेत निर्धोक हवं. मूळ औषध आणि त्यापासून तयार झालेला पदार्थ दोन्ही रक्तात, लघवीत किंवा लाळेत मोजता यायला हवेत. आणि हे सगळं काही तासांत आटोपायला हवं.

या अटींत बसणारी बरीचशी औषधं आपल्या ओळखीची आहेत:

- सीवायपी१ए२ साठी कॅफीन, म्हणजे चहा-कॉफीतला उत्तेजक पदार्थ
- सीवायपी२सी१९ साठी ओमेप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी
- सीवायपी२डी६ साठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे कोरड्या खोकल्याचं औषध
- सीवायपी२सी९ साठी फ्लर्बिप्रोफेन हे वेदनाशामक
- सीवायपी३ए साठी मिडाझोलाम हे गुंगीचं औषध

संध्याकाळी सातचा चहा एकाची झोप उडवतो आणि दुसरा रात्री अकराला कॉफी पिऊन निवांत घोरतो. यामागे मेंदूच्या संवेदनशीलतेतला फरकही असतो, पण कॅफीन शरीराबाहेर जाण्याचा वेग हेही एक कारण आहे. प्रयोगशाळा हाच वेग आकड्यात मांडते.

चाचणी करतात कशी?

डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं उदाहरण घेऊ. रात्री लघवीला जाऊन आल्यावर ३० मिलिग्रॅम औषध घ्यायचं. पुढचे आठ तास होणारी सगळी लघवी एका भांड्यात गोळा करायची. त्यात मूळ औषध किती आहे आणि त्यापासून तयार झालेलं डेक्स्ट्रॉर्फन किती आहे हे मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागायचं.

हा भागाकार ०.३ पेक्षा जास्त आला, तर त्या व्यक्तीचा सीवायपी२डी६ अतिशय मंद आहे असं मानतात. आकडा त्यापेक्षा जितका लहान, तितकं काम वेगवान. काही ठिकाणी लघवीऐवजी ठरावीक वेळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावरही असंच गणित करतात.

प्रत्येक एन्झाइमसाठी वेगळा दिवस घालवण्यापेक्षा सगळी चाचणी-औषधं एकदम द्यावीत, हा पुढचा विचार. त्याला ‘कॉकटेल’ म्हणतात. पिट्सबर्ग, कूपरस्टाउन, जिनिव्हा अशी गावांच्या नावाची कॉकटेल प्रसिद्ध आहेत. जिनिव्हाच्या पद्धतीत औषधांची मात्रा खूप कमी ठेवली जाते आणि बोटाला टोचून घेतलेले रक्ताचे काही थेंब कागदावर वाळवून तपासता येतात. अर्थात, एकत्र दिलेली औषधं एकमेकांच्या कामात अडथळा आणत नाहीत ना, हे आधी सिद्ध करावं लागतं.

भारतात हे कुठे झालं?

भारतातला सर्वांत जुना आणि महत्त्वाचा धडा टीबीचा आहे. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध १९५२ पासून वापरात आलं. ते शरीरात निष्क्रिय करणारा एन्झाइम सायटोक्रोम गटातला नाही, त्याचं नाव एनएटी२. काही लोक आयसोनियाझिड झपाट्याने निष्क्रिय करतात, काही सावकाश. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या टीबी संशोधन केंद्राने याचा बारकाईने अभ्यास केला. तिथल्या रुग्णांत सुमारे ६० टक्के लोक सावकाश गटातले निघाले.

फरक कुठे पडला? आठवड्यातून एकदाच औषध देण्याच्या पद्धतीत वेगवान गटातल्या रुग्णांना गुण कमी आला, कारण औषध लवकर संपून जायचं. रोज औषध घेतल्यास उपचाराच्या यशात तसा फरक दिसला नाही. सावकाश गटाला मात्र हातापायांना मुंग्या येण्याचा आणि यकृताला इजा होण्याचा धोका जास्त असतो. मुंग्या टाळण्यासाठी आयसोनियाझिडसोबत ब६ जीवनसत्त्वाची गोळी देतात, तिच्यामागचं कारण हेच. कोण कोणत्या गटात आहे हे ओळखण्यासाठी सल्फाडिमिडीन नावाचं सल्फा गटातलं औषध चाचणीसाठी वापरलं जायचं.

महाराष्ट्रात मुंबईच्या परळमधल्या केईएम रुग्णालयाच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाने पश्चिम भारतातल्या निरोगी प्रौढांना डेक्स्ट्रोमेथॉर्फन देऊन त्यांच्या सीवायपी२डी६ ची पातळी तपासली. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेने दक्षिण भारतात अशी बरीच मोजमापं केली आहेत.

परदेशातले आकडे आपल्याला जसेच्या तसे का लागू होत नाहीत, हे अशा अभ्यासांतून कळतं. सीवायपी२डी६ अतिशय मंद असणारे लोक युरोपीय वंशात साधारण ५ ते १० टक्के असतात, भारतात त्याहून कमी. सीवायपी२सी१९ बाबत चित्र उलटं आहे. तो अतिशय मंद असणारे युरोपीय वंशात २ ते ५ टक्के, तर भारतातल्या अनेक अभ्यासांत १० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या हृदयरुग्णांचा विचार केला तर हा फरक लहान नाही.

भूल देताना हा फरक जिवावर बेतू शकतो

शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारं औषध देतात. रक्तातला कोलिनएस्टरेज नावाचा एन्झाइम ते काही मिनिटांत संपवतो आणि रुग्ण पुन्हा स्वतः श्वास घेऊ लागतो. हा एन्झाइम जवळपास नसेल तर रुग्ण तासन्‌तास हालचाल किंवा श्वास करू शकत नाही. त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. वेळेवर लक्षात आलं तर रुग्ण सुखरूप बाहेर येतो.

आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो. कोइम्बतूरच्या भारतियार विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यामागचा जनुकीय बदल शोधून २००६ मध्ये मांडला. आर्य वैश्य कुटुंबं प्रामुख्याने आंध्र प्रदेश, तेलंगणा, कर्नाटक आणि तमिळनाडूत आहेत, तशीच विदर्भ-मराठवाड्यातही आहेत. हा आजार नाही. रोजच्या जगण्यात त्याचा काहीही त्रास होत नाही. फक्त भूलतज्ज्ञाला आधी माहीत असलं, की तो दुसरं औषध निवडतो.

या दोषासाठी १९५७ पासून एक चाचणी आहे. तिच्यात औषध रुग्णाला न देता त्याच्या रक्ताच्या नमुन्यात घालतात. डायब्युकेन हे रसायन नेहमीच्या एन्झाइमचं काम साधारण ८० टक्के रोखतं, पण एन्झाइमच्या एका सदोष प्रकाराचं फक्त २० टक्क्यांच्या आसपास. त्यावरून तो प्रकार ओळखता येतो. एन्झाइमचं एकूण प्रमाण रक्त तपासून थेटही मोजता येतं.

जनुकांची चाचणी असताना याची गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे. जनुक चाचणी आयुष्यात एकदा केली की पुरते, तिच्यासाठी औषध घ्यावं लागत नाही आणि ती आता खासगी प्रयोगशाळांत होते. पण जनुक म्हणजे पाककृतीची वही. आज चुलीवर प्रत्यक्षात काय शिजतंय, ते वहीवरून कळत नाही.

जन्मतः ठणठणीत असलेला एन्झाइमही इतर कारणांनी मंद किंवा वेगवान होतो:

- नैराश्यासाठी दिली जाणारी फ्लुऑक्सेटीन आणि पॅरॉक्सेटीन ही औषधं सीवायपी२डी६ ला रोखतात. जनुकांनुसार सामान्य असलेला माणूस ती सुरू असेपर्यंत मंद गटातल्यासारखा वागतो.
- टीबीचं रिफॅम्पिसिन अनेक एन्झाइमचा वेग वाढवतं. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो.
- बिडी-सिगारेटच्या धुरामुळे सीवायपी१ए२ वेगवान होतो. हा परिणाम निकोटीनचा नसून धुरातल्या इतर रसायनांचा आहे, म्हणून खर्रा खाणाऱ्यांत तो अपेक्षित नाही. स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णाने रुग्णालयात दाखल झाल्यावर सिगारेट सोडली, तर त्याच मात्रेत औषधाची रक्तातली पातळी वाढून त्रास होऊ शकतो.
- गरोदरपणात कॅफीन शरीरात बराच जास्त वेळ टिकतं. यकृताचे आजार आणि शरीरातली मोठी सूज किंवा संसर्ग यांमुळेही एन्झाइम मंदावतात.

जनुक चाचणीत यातलं काहीही दिसत नाही, चाचणी-औषधात दिसतं. उलट, चाचणी-औषधाचा निकाल त्या दिवसापुरता असतो. औषधं बदलली, आजार वाढला किंवा सिगारेट सुटली, की निकालही बदलू शकतो. म्हणून दोन्ही चाचण्या एकमेकींना पूरक आहेत.

प्रकृतीशी याचा काही संबंध आहे का?

पुणे विद्यापीठातल्या योगिता घोडके, कल्पना जोशी आणि भूषण पटवर्धन यांनी हा प्रश्न थेट तपासला. त्यांनी १३२ निरोगी व्यक्तींची आयुर्वेदानुसार प्रकृती ठरवली आणि त्यांच्या सीवायपी२सी१९ च्या जनुकाची तपासणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मंद एन्झाइमचा जनुकीय प्रकार कफ प्रकृतीत सर्वाधिक, म्हणजे ३१ टक्के लोकांत आढळला. वात प्रकृतीत हे प्रमाण १२ टक्के आणि पित्त प्रकृतीत ९ टक्के होतं. ज्या पित्त प्रकृतीचा अग्नी आयुर्वेद तीक्ष्ण मानतो, तिच्यात मंद एन्झाइम सर्वांत कमी निघाला.

निष्कर्ष लक्षवेधी आहे, पण त्याच्या मर्यादा समजून घ्यायला हव्यात. १३२ ही संख्या लहान आहे. या अभ्यासात जनुक पाहिलं गेलं, चाचणी-औषध देऊन प्रत्यक्ष वेग मोजलेला नव्हता. शिवाय कफ प्रकृतीच्या दर १० जणांपैकी सुमारे ७ जण मंद गटात नव्हतेच. त्यामुळे ‘मी पित्त प्रकृतीचा, मला गोळी जास्त लागेल’ असा अर्थ यातून कुणीही काढू नये. संशोधनासाठी मात्र हा चांगला धागा आहे, आणि महाराष्ट्रातल्या आयुर्वेद महाविद्यालयांना तो पुढे नेता येण्यासारखा आहे.

मग जिल्हा रुग्णालयात ही चाचणी का होत नाही?

पहिलं कारण यंत्रणा. इतक्या सूक्ष्म प्रमाणातली रसायनं मोजायला लागणारी यंत्रं महाग असतात आणि ती चालवायला प्रशिक्षित माणसं लागतात. दुसरं कारण वेळ. छातीत दुखत असलेल्या रुग्णाला आठ तास लघवी गोळा करायला सांगता येत नाही. तिसरं कारण, निकाल आला तरी प्रत्येक औषधाची मात्रा त्यानुसार किती बदलावी याचे नियम ठरलेले नाहीत.

चौथं कारण असं की अनेकदा सोपे मार्ग असतात. रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम यंत्र लावून लगेच दिसतो. फिटसाठीच्या फेनिटॉइनची पातळी रक्तात थेट मोजता येते. काही औषधं कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवली जातात. म्हणूनच चाचणी-औषधांचा सर्वाधिक वापर आज संशोधनात आणि नव्या औषधांच्या तपासणीत होतो. नवं औषध जुन्या औषधांच्या कामात अडथळा आणेल का, हे बाजारात येण्याआधी त्यांच्याच मदतीने तपासतात.

आपण काय करायचं?

चाचणी हाताशी नसली तरी तुमच्या शरीराने आजवर घेतलेल्या प्रत्येक औषधाला काही ना काही प्रतिसाद दिलेला असतो. तो नोंदवून ठेवला, तर डॉक्टरांना तोही उपयोगी पडतो.

- कोणतं औषध मानवलं नाही आणि नेमकं काय झालं, हे औषधाच्या नावासह लिहून ठेवा. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही.
- नव्या डॉक्टरांकडे जाताना सुरू असलेली सगळी औषधं सांगा. ॲसिडिटीची गोळी, काढे आणि आयुर्वेदिक औषधंही त्यात धरा. उदाहरणार्थ, ओमेप्राझोल सीवायपी२सी१९ ला रोखतं, म्हणून क्लोपिडोग्रेलसोबत ते टाळण्याचा सल्ला दिला जातो.
- बिडी-सिगारेट ओढत असाल किंवा नुकतीच सोडली असेल, तर तेही सांगा.
- घरात कुणाला भूल दिल्यानंतर शुद्धीवर यायला किंवा श्वास सुरू व्हायला फार वेळ लागला असेल, तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा.
- मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नका आणि औषध अचानक बंद करू नका.
- औषधाचा त्रास झाल्यास डॉक्टरांना कळवा. देशभरातल्या अशा तक्रारींची नोंद घेणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

गोळीच्या पाकिटावरची मात्रा अनेक लोकांच्या सरासरीवरून ठरलेली असते. तुमचं शरीर त्या सरासरीपासून किती दूर आहे, हे चाचणी-औषध आकड्यात सांगू शकतं. ही चाचणी गावापर्यंत पोहोचेपर्यंत ‘मला हे औषध मानवत नाही’ ही तक्रार रुग्णाने नीट सांगायला हवी आणि डॉक्टरांनी ती कागदावर उतरवून घ्यायला हवी.